मागच्या खोलीतली देवी

धुळ्याच्या मामसासऱ्यांनी मला फसवलं, असं मी म्हणतो. ते जिवंत असेपर्यंत प्रत्येक लग्नकार्यात सांगत राहिले की जवाईंनीच घासाघीस करून माल नेला, मी तर हात जोडून दिला. त्यांचंही खोटं नाही, आणि म्हणूनच माझा राग अजून जात नाही. तो सौदा मी जिंकलो होतो.

तेव्हा जळगावच्या बसस्टँडजवळ माझं भाड्याने पुस्तकं देण्याचं दुकान होतं. असोद्याला वडिलांच्या केळीच्या मळ्यावर भावांचं राज्य सुरू झालं तेव्हा मी एक पिशवी घेऊन बाहेर पडलो. आधी स्टँडच्या भिंतीला दोरी बांधून तिच्यावर रहस्यकथा आणि कॉमिक्स टांगली, मग हातगाडी केली, मग गाळा घेतला. कुणी एक पायरी चढायला हात दिला नाही. गाळ्याच्या मागे एक खोली होती. वर पत्रा, एका कोपऱ्यात मोरी, उंचावर एक झरोका. ती खोली मी बायकोसाठी घेतली होती.

बायको आणि मुलगी असोद्यालाच होत्या. दिवसा बायको मजूर बायांबरोबर दिरांच्या केळीत राबायची आणि घरी आली की माझ्या आईचं तोंड सुरू व्हायचं. "नवरा चोर-पोलिसांच्या गोष्टी इकतो आन बायको आमच्या चुलीवर," हे आई शेजारणीला सांगायची, पण आवाज घरातल्या घरात पोचेल असा. मी शेवटच्या बसने गेलो की बायको यातलं काही बोलायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "आखाजीले माहेर जासू, ते परत आठे येवाव नही. शब्द द्या."

मी शब्द दिला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने धुळ्याकडच्या माहेरी जायचं, झोके खेळायचे, गाणी म्हणायची आणि तिथून असोद्याला न येता थेट जळगावला माझ्या खोलीवर यायचं. ही गोष्ट तिने माहेरी कळवली, मळ्यातल्या बायांना सांगितली आणि भीत भीत माझ्या आईलाही सांगितली. म्हणजे परतीचा रस्ता तिने स्वतःच बंद केला.

त्याच चैत्रात मी धुळ्याला मामसासऱ्यांकडे गेलो. सगळे त्यांना नाना म्हणत. लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापायचा त्यांचा छापखाना होता. रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागली की रस्ते ओस पडायचे, ते दिवस. नाना म्हणाले, आता देवाचे दिवस आले, आणि त्यांनी देवीच्या साहसकथा चित्रांत काढल्या. त्यांचा नायक एक पहिलवान होता, देवीचा भगत. सातपुड्यातल्या देवळांतून मूर्ती चोरणाऱ्या टोळीच्या मागे तो लागायचा. जीपचा पाठलाग असायचा, पिस्तुलं असायची, दरोडेखोरांच्या अड्ड्यावर नाचणारी बाई असायची, भगताला दोरखंडाने बांधून मगरींच्या हौदावर उलटं टांगलेलं असायचं. मग शेवटच्या पानावर देवी प्रकट व्हायची, त्रिशूळातून वीज निघायची आणि जीप दरीत जायची. चित्रं काढणारा माणूस एरवी सिनेमाचे फलक रंगवायचा, त्यामुळे देवीचे डोळे हिरोइनीसारखे झाले होते. पण मुखपृष्ठावर ती सिंहावर बसलेली, लालभडक शालूत, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तिचं नाव. नाना म्हणायचे, वाचता वाचता जप होतो.

मी गेलो त्या दिवशी देवीच्या गडावर पायी निघालेल्यांची रीघ धुळ्यातून चालली होती. रस्त्याच्या कडेला नानांनी टेबल मांडलं होतं. खांद्यावर झेंडा, पायाला चिंध्या बांधलेली माणसं थांबायची, नारळ घ्यायची, ओटीचं सामान घ्यायची आणि वर ही चित्रकथाही घ्यायची. गठ्ठा सोडला की संपत होता. मी चहाच्या टपरीवर बसून सगळी दुपार ते पाहिलं. धंद्याच्या माणसाने हेच पाहायचं असतं, माल हलतो की नाही. घेणारा प्रत ताबडतोब कपाळाला लावतो आणि न उघडता पिशवीत नारळाशेजारी ठेवतो, हेही मी पाहिलं. त्याचा अर्थ मात्र काढला नाही.

रीघ ओसरल्यावर नानांनी मला छापखान्याच्या मागची खोली दाखवली. छतापर्यंत गठ्ठे.

"जवाईबापू, बठ्ठं लई जा," सगळ्या गठ्ठ्यांवरून हात फिरवत नाना म्हणाले.

मी एक गठ्ठा सोडला आणि सुरुवात केली. रंग फाटलेत, देवीच्या ओठाबाहेर लाली गेली आहे. कागद हलका आहे. भगताला या पानावर मिशी आहे, पुढच्या पानावर नाही.

"रागमा काढी टाकी व्हई," नाना म्हणाले.

मी हसलो नाही. त्यांनी भाव सांगितला, मी तो निम्मा केला. ते म्हणाले, छपाईचा खर्चही निघत नाही. मी उठलो आणि चपला घातल्या. माझी ही चाल कधी वाया जात नाही.

"बसा, बसा. तुमना शब्द माले मोडता येस का? भाचीना घरधनी तुम्ही."

मग मी आणखी खाली ओढला, आणि ते आणखी खाली आले. मामसासरे असून जावयापुढे नमले, म्हणून मी आतून फुललो होतो. गठ्ठे टेम्पोत चढत असताना मामी आतून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि प्रत्येक गठ्ठ्याला बोट लावत गेल्या. नानांनी टेम्पोपुढे नारळ फोडला. नवा माल निघाला की लोक करतात तसं असेल, असं मला वाटलं. घरातून कुणाची तरी पाठवणी चालली आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

जळगावला माल मागच्या खोलीत रचला, सवयीप्रमाणे प्रत्येक प्रतीवर दुकानाचा शिक्का मारला आणि पुढच्या दोरीवर देवीची रांग लावली.

माझा पहिला वाचक एक रिक्षावाला होता. दुपारी स्टँडवर रिक्षा लावून मागच्या सीटवर आडवा व्हायचा आणि एक रहस्यकथा फस्त करायचा. त्याने दोरीवरची प्रत हातात घेतली, पाहिली, परत अडकवली.

"काय झालं? मारामारी आहे आत. मगरी आहेत."

"असतील भाऊ. पण वर देवी आहे ना. मी वाचतो पाय वर करून, तोंडात विडी. हिला घेऊन आडवा कसा होऊ?"

सलूनवाला म्हणाला, "माझ्याकडं केस उडतात." होस्टेलचा एक विद्यार्थी म्हणाला, "आम्ही उशीखाली ठेवतो. मग डोकं कुठं ठेवायचं?" ज्यांनी धीर करून नेली त्यांनी परत आणली नाही. एकाच्या घरी मी तगादा लावायला मेहरूणला गेलो, तर त्याची आई दारात येऊन म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवलीये बाबा. मांडलेला देव उठवतात का?" मी तिथेच भांडलो असतो, पण आतून उदबत्तीचा वास येत होता.

भाविक गिऱ्हाईक तरी मिळावं म्हणून दोरी स्टँडजवळच्या देवळाच्या बाजूला हलवली. एका म्हातारीने प्रत उचलली, डोळ्यांना लावली, उघडली. नेमकं अड्ड्याचं पान निघालं.

"हे काय रे, मेल्या? देवीच्या पोटात असली नाची?"

"आजी, ती वाईट बाई आहे. शेवटी देवी तिला..."

"तू गप. माझं वय काय, तू दाखवतो काय!" असं म्हणत तिने प्रत मिटली, पुन्हा डोळ्यांना लावली आणि जपून दोरीवर ठेवून दिली.

तेव्हा मला समजलं की धुळ्याच्या रस्त्यावर लोकांनी गोष्ट विकत घेतलीच नव्हती. यात्रेला निघालेल्या माणसाला जे मिळेल ते देवीचं होतं. रहस्यकथा वाचणाऱ्याला आंघोळ करून वाचायची गोष्ट नको होती, आणि आंघोळ करून वाचणाऱ्याला नाचणारी बाई नको होती. नानांना हे माझ्याआधी कळलं होतं. म्हणून ते एवढे पटापट खाली आले.

ठीक आहे, म्हटलं, तोटा सोसू. आखाजी जवळ आली होती, मला खोली रिकामी हवी होती. जुन्या पुस्तकांची रद्दी नेणारा माझा नेहमीचा माणूस होता, त्याला बोलावलं. तो तागडी घेऊन मागे गेला, एक गठ्ठा उचलला आणि खाली ठेवून दिला. मग त्याने दाराबाहेर जाऊन चपला काढल्या.

"भाऊ, काट्यावर देवी तोलायला लावता का मला?"

"कागद आहे तो!"

"कागद आहे तर कुंकू कोणी लावलं? आणि नेऊन देऊ कुणाला? भजीवाला हिच्या तोंडाने तेल पुसंल का? माझी लेकरं लहान आहेत."

"कव्हर फाडून देतो."

"फाडा. तुम्ही फाडा, मी पाहतो."

मी एक प्रत हातात घेतली. मी देवभोळा माणूस नाही. पण त्याच आठवड्यात असोद्याला मुलीला गोवर आला होता. घरात फोडणी बंद होती, दाराला निंबाचा डहाळा होता, आणि गोवर म्हणजे देवीच आली असं आमच्याकडे मानतात. मुखपृष्ठाच्या कोपऱ्याला धरलेलं माझं बोट पुढे सरकेना. सरकलं असतं तरी उपयोग नव्हता. आतल्या प्रत्येक पानाच्या तळाशी तिचं नाव होतंच. नानांनी एक पान मोकळं सोडलं नव्हतं.

रद्दीवाला चपला घालून निघून गेला. मी त्याला आणि त्याच्या तागडीला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलगी बरी झाल्यावर मी तडक धुळ्याला गेलो. बसमध्ये सगळं घोकलं होतं. पण घरात पाऊल टाकताच मामींनी पाय धुवायला पाणी ठेवलं आणि खापरावर मांडे टाकायला घेतले. पुढ्यात आमरस, मांडे, आणि वाढणारी बाई बायकोची मामी. मी प्रत्येक वाक्य जुळवायचो आणि त्या ताटात आणखी एक मांडा टाकायच्या.

"नाना, माल परत घ्या," शेवटी मी तोंडातल्या घासासकट बोललो. "भाव तुम्ही म्हणाल तो. फुकट घ्या."

नानांनी कानाला हात लावला. "जवाईबापू, दिधेल देवी परत घरमा लेतस का? तिनी पाठवणी करी टाकी आम्ही. तुमनी मामीनी कुंकू लावं, नारळ फोडा. आते ती तुमना घरनी."

"मी पुस्तकं घेतली होती."

"मंग पुस्तकं इका ना," नाना शांतपणे म्हणाले. "इतला भाव पाडीसन लई गयात. आम्हाले वाटनं, जवाईले धंदा समजस."

बाहेरचा कुणी असता तर ते ताट मी उधळलं असतं. पण हे बायकोच्या माहेरच्या नात्यातलं घर होतं. इथे आवाज चढला तर तो तिच्या प्रत्येक आखाजीला तिच्या कानी पडला असता. मी आमरसाची वाटी संपवली आणि उठलो. धुळ्याच्या स्टँडवर एका रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून इतका भांडलो की लोक जमले.

आता एकच रस्ता राहिला होता. निर्माल्य जसं वाहत्या पाण्यात सोडतात तशी देवी पाण्यात सोडायची. मेहरूणच्या तलावात सोडली तर किनाऱ्याला लागेल, म्हणून तापी. मॅटाडोर केली, गठ्ठे पुलाखाली नेले, वर फुलं ठेवली, हात जोडले आणि एकेक करून सोडून दिले. उन्हाळ्यात तापीची धार बारीक असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण डोळ्यांपुढे फक्त रिकामी खोली होती. परत आलो, खोली झाडली, चुन्याचा हात दिला, स्टोव्ह घेतला. त्या दिवसांत मला फार हलकं वाटत होतं.

मग एका सकाळी दुकानासमोर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत गठ्ठे होते, प्रत्येक प्रत सुकवून फुगलेली. पुढे गुलाल लावलेले काही गावकरी आणि त्यांच्यातला एक आबा.

"तुमच्याच नावाचा शिक्का हाये ना याच्यावर?"

मी मान हलवली.

"तुमची देवी वायून चालली होती, भाऊ. वाळूत अडकली होती. आमच्या पोरांनी पायलं. बायांनी एक एक पान उन्हात वायवलं, दगडं ठेवून. कोन्या गाडीतून पडली आसंन, आम्ही म्हनलं. येवढ्या देवीचा धनी किती रडत आसंन!"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांच्याबरोबर आलेल्या बाईने माझ्या हातावर नारळ ठेवला. स्टँडवरची माणसं जमून नमस्कार करू लागली. तो पाय वर करून वाचणारा रिक्षावालाही आला आणि म्हणाला, "भाऊ, ती जाईना म्हणते तुमच्याकडून." मी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्याच हातांनी गठ्ठे पुन्हा मागच्या खोलीत रचले. भिजून सुकल्याने आता ते पहिल्यापेक्षा जास्त जागा खात होते. चुना लावलेली भिंत पुन्हा दिसेनाशी झाली.

आखाजी झाली. बायको ट्रंक घेऊन, मुलीला कडेवर घेऊन आली. मी तिला काही कळवलं नव्हतं. ती खोलीच्या दारात थांबली, छतापर्यंतचे हिरोइनीचे डोळे पाहिले, चपला काढल्या आणि हात जोडले. मी एका दमात नानांना शिव्या दिल्या, रद्दीवाल्याला दिल्या, तापीलाही दिल्या. ती थांबवत नव्हती. मी थांबल्यावर म्हणाली, "चार दिन मी कोठे बसू?"

एकच खोली. तिच्यात देवी. आणि नुकता मुलीचा गोवर गेलेला. पुढचं दुकान चारचौघांसमोर उघडं.

तिने मधे एक जुनं लुगडं बांधलं आणि पलीकडे संसार मांडला. महिन्याचे चार दिवस आले की ती पिशवी भरायची आणि बसने असोद्याला जायची. तिथे ओसरीच्या कोपऱ्यात, पोत्यावर. ज्या घरी परत जायचं नाही म्हणून तिने शब्द घेतला होता, तिथेच. "आली का पाव्हनी?" आई म्हणायची. "तिकडं देवीला इटाळ होते, इकडं आम्हाला होत नाही वाटते." पाचव्या दिवशी ती परत यायची तेव्हा तिच्याशी बोलायची माझी हिंमत होत नसे. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांवर जास्तच ओरडायचो.

किती महिने असं चाललं ते मी मोजलं नाही. थंडी सुरू झाली होती. एका सकाळी मी दुकानाची फळी काढून मागे गेलो, तर भरलेली पिशवी दाराजवळ होती आणि बायको मोरीच्या बाजूला पोतं टाकून बसली होती. बसची वेळ निघून गेली होती.

"अगं, जायचं नाही?"

"नही."

मी लुगड्याच्या पडद्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. तिचा चेहरा भ्यालेला होता, पण उठायची तयारी नव्हती.

"तुमनी मायनं तोंड देखापेक्षा हिनं देखेल बरं," ती म्हणाली. "ही बोलस तरी नही."

त्या चार दिवसांत मी स्टोव्हवर खिचडी केली. ती बसल्या जागेवरून सांगायची, मीठ किती, पाणी किती, आणि मी चुकलो की डोक्याला हात लावायची. दर थोड्या वेळाने मी मुलीच्या कपाळाला हात लावून पाहत होतो. तीही तेच पाहत होती, मात्र मला न दाखवता, मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन जवळून गेली की तिच्या डोळ्यांकडे बघून. गिऱ्हाईक बाहेरून हाक मारायचं आणि मला ऐकू यायचं नाही. मुलीला काही झालं नाही. नाकातून थोडं पाणी आलं, ते थंडीचं होतं.

पाचव्या दिवशी बायको डोक्यावरून न्हाली, केस पिळले, पडदा बाजूला केला आणि देवीपुढे दिवा लावला. मग ती पिशवीतली लुगडी एकेक करून ट्रंकेत ठेवायला लागली.

"आहो," तिने ट्रंकेत डोकं घालूनच हाक मारली, "ह्या गठ्ठा जरा भीतले सरकाडा. पोरले झोपाले जागा पुरस नही."

मी बाह्या वर केल्या आणि सरकवायला लागलो.